मिरगाच्या आधी घर कोरडं करा: ओल, उधई आणि सोंड्यांचा बंदोबस्त

काही वर्षांपूर्वी माजघरातली लोखंडी पेटी हलवायला गेलो, तर पेटी हातात आली आणि तिचा गंजलेला तळ जमिनीलाच चिकटून राहिला. आत सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला, वडिलांचा शाळेचा दाखला असं सगळं होतं. त्या जागी ओलसर मातीचा थर आणि त्यात वळवळणारी उधई. (पुण्याकडे तिला वाळवी म्हणतात, आमच्या वर्धा जिल्ह्यात उधईच.) मी तिथं बाटलीभर डिझेल ओतलं, आठ दिवस घरभर वास सहन केला आणि काम फत्ते झालं असं समजलो. भादव्यात ती शेजारच्या खोलीच्या चौकटीतून निघाली.

चौकट बदलायला आलेले म्हातारे मिस्त्री चौकटीकडे पाहायच्या आधी घराला चक्कर मारून आले. म्हणाले, "उधई मेली नाही भाऊ, थिनं दार बदललं. पानी कुठून पेते थे पाय आधी." भिंतीच्या मागे आमची न्हाणी. तिचं सांडपाणी कित्येक वर्षं पायव्यातच मुरत होतं.

तेव्हापासून जे समजलं ते क्रमानं लिहितो, कारण इथं क्रमच महत्त्वाचा. आधी पाणी शोधायचं, मग ते थांबवायचं, मग भिंत वाळू द्यायची. औषधाला हात सगळ्यात शेवटी. मी सुरुवात उलट्या टोकानं केली होती. कामाचा काळ म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मिरग. मृग लागतो ७-८ जूनला, आणि त्याआधीचा महिनाभर अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे असतो. त्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण भिंत वाळवायला, ढेकूण मारायला आणि तुरीतली कीड संपवायला तेच कामी येतं, तेही फुकट.

ओल कुठली ते आधी ओळखा

ओल वरून गळते, खालून चढते किंवा हवेतून बसते. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ओळख पटल्याशिवाय सिमेंटचं पोतं आणू नका.

वरून आलेल्या ओलीचा डाग खाली ओघळलेला असतो आणि पावसानं उघडीप दिली की फिका पडतो. खालून चढलेली ओल जमिनीलगत पट्ट्यासारखी दिसते, गुडघ्यापासून फार तर कमरेपर्यंत. तिच्या वरच्या कडेला पांढरा खार फुलतो, रंग फुगतो, पोपडे पडतात, आणि भर उन्हाळ्यातही ती पूर्ण जात नाही. हवेतली ओल म्हणजे श्रावणात फरशीला फुटणारा घाम, किंवा हिवाळ्यात पहाटे टिनाखालून टपकणारे थेंब. त्या थेंबांना घाबरून टिन बदलणारे लोक मी पाहिले आहेत. टिन गळत नव्हतं, रात्रभर बंद खोलीतला वाफारा थंड पत्र्याला लागून त्याचं पाणी होत होतं. छताजवळ हवा जायला दोन झरोके ठेवले असते तर भागलं असतं.

शंका असेल तर हातभर लांब-रुंद, जाडसर पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. मातीच्या भिंतीला चिकटपट्टी धरत नाही, तिथं कडांवर लाकडी पट्ट्या ठोका. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव बसलं असेल तर ओल हवेतली.

आणि ओलीची वरची कड जिथं आहे तिथं पेन्सिलनं रेघ मारून शेजारी तारीख लिहा. पुढं लागेल.

छप्पर

कवेलूचं (कौलारू) घर असेल तर मे महिन्यात कवेलू फेरणं टाळू नका. फुटके काढा, खालच्या बोऱ्या-फाट्या कुजल्या असतील तर बदला, वळचणीचे कवेलू भिंतीच्या बाहेर किमान दीड फूट येतील असं पाहा. वानरांच्या एका उडीत वर्षाची मेहनत जाते हे खरं, त्यावर पक्का उपाय मला अजून सापडला नाही. पन्नास-शंभर कवेलू जादा ठेवावेत, एवढंच.

टिनाचा खिळा नेहमी उंचवट्यावर असावा, खोलगट भागात मारलेला खिळा गळणारच. आपल्या उन्हात खिळ्याखालचं रबरी वायसर दोन-तीन वर्षांत तडकतं, ते बदला. स्लॅबवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग रचायची सवय मोडा. ढिगाखाली पाणी मुरतं, पालापाचोळ्यानं पन्हळ तुंबते आणि वर फुकटचे विंचू येतात.

पायवा आणि भिंत

खरं दुखणं इथं आहे. पश्चिमेकडे अकोला-बुलढाण्यात पाऊस कमी, गडचिरोलीकडे त्याच्या दीडपटीहून जास्त. पण खालून चढणारी ओल दोन्हीकडे सापडते, कारण ती पावसापेक्षा साचलेल्या पाण्याची असते. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पायव्यालगत हे दरवर्षी चालू राहिलं की भिंतीला तडे जातात, त्या तड्यांतून पुढचं पाणी आत शिरतं.

कामाला सुरुवात घराबाहेरून करा. बादलीभर पाणी भिंतीजवळ ओता आणि कुठं जातं ते पाहा. भिंतीकडे वळलं किंवा तिथंच थांबलं तर भिंतीलगतची तीन फुटांची काळी माती फूटभर खोल काढा, तिथं मुरूम भरून, पाणी मारून चोपा. उतार बाहेरच्या बाजूला, फुटाला साधारण एक इंच. आंगण वर्षानुवर्षं सारवून आणि भर टाकून उंच होतं आणि जोतं बुडतं. जोत्याचा निदान फूटभर भाग उघडा दिसला पाहिजे, नसेल तर आंगण खणून खाली घ्या. घरच्यांना हे काम वेड्यासारखं वाटतं, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

मग न्हाणी, मोरी आणि भांडी घासायची जागा. सांडपाणी पाइपानं भिंतीपासून पंधरा-वीस फूट दूर न्या आणि शोषखड्ड्यात सोडा. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर जाड रेती. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर तो खड्डा डासांचा पाळणा होतो. पिण्याच्या पाण्याची विहीर खड्ड्यापासून पन्नास फुटांच्या आत नको. गुरांचा कोठा घराच्या भिंतीला चिकटून असेल तर गोमूत्राची नाली दुसऱ्या बाजूला काढा. जनावरांच्या मुताचे क्षार भिंतीत शिरले की खार पुन्हा पुन्हा फुलतो.

पाणी थांबलं की भिंतीकडे वळा. मातीच्या भिंतीला सिमेंटची छपाई (प्लास्टर) करू नका. माती ओल शोषते आणि उन्हात सोडते. वरून सिमेंट बसलं की आतली ओल अडकून आणखी वर चढते, आणि दोन-चार पावसाळ्यांत आतली माती भुसभुशीत होऊन छपाईचा अख्खा पापुद्रा सुटतो. आमच्याच गल्लीत असं एक घर आहे. बाहेरून झकास, आत बोट घातलं की माती गळते. पांढऱ्या मातीचा गिलावा आणि वरून पोतारा किंवा चुना हेच तिथं योग्य. सेवाग्रामची बापू कुटी १९३०च्या दशकातली, माती-बांबू-कवेलूची. निगा राखली म्हणून आजही उभी आहे.

विटांच्या भिंतीला खार आला असेल तर ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत छपाई खरवडून काढा, विटांमधल्या सांधी अर्धा इंच कोरा, खार कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाका. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून परत विटेत जातो. मग भिंत महिनाभर उघडी ठेवा. पाहुणे नाक मुरडतील, मुरडू द्या. पुरती वाळल्यावर चुना एक भाग आणि रेती तीन भाग अशी छपाई करा. वॉटरप्रूफ रंग घाईनं मारणं म्हणजे ओल झाकणं.

नवं घरकुल बांधत असाल तर एक गोष्ट मिस्त्रीच्या मागं लागून करून घ्या. जोतं संपून भिंत सुरू होते तिथं २५ ते ४० मि.मी. जाडीचा काँक्रीटचा सलग थर, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर आणि वर डांबराचा हात. खर्च किरकोळ आहे. नंतर हा थर घालायचा म्हणजे भिंत फोडणं.

उधई

लाकूड खाणारी उधई मऊ आणि पांढुरकी असते, उघड्या हवेत लगेच सुकून मरते. म्हणून ती मातीच्या नळीतून चालते. भिंतीवर बोटाएवढी मातीची रेघ दिसली की लगेच पुसून टाकू नका. ती खाली कुठून निघते आणि वर कुठं जाते ते आधी पाहून घ्या, मग मधला दोन इंचांचा तुकडा मोडा. दोन-तीन दिवसांत तो जोडला गेला तर उधई जिवंत आहे. चौकटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. पोकळ आवाज येतो तिथं आतून खाल्लेलं असतं. आलापल्लीच्या सागाची चौकट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सागाचा गाभा उधई सहसा सोडते, पण कडेचं फिकट लाकूड खाते, आणि सुतार दोन्ही एकाच भावानं विकतो.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या उधयांचा थवा येतो. पंखवाल्या मुंग्याही तेव्हाच निघतात. उधईचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक. बाहेरून आलेल्या थव्यानं घाबरू नका, दिवे मालवले की जातो. पण तो तुमच्याच फरशीच्या सांधीतून किंवा भिंतीतून निघाला तर वारूळ घराखाली आहे असं धरा.

पाणी तोडल्यावर लाकडाचा मातीशी संबंध तोडा. खांबाखाली दगडी तळखडा हवा, इंधनाचा ढीग भिंतीपासून दूर आणि विटांवर हवा, जुन्या लाकडाचे तुकडे पायव्याजवळ नकोत. आमच्या चौकटीची उधई एवढ्यानंच ऐंशी टक्के गेली, हा माझा अंदाज. उरली तर औषध.

घरासाठी क्लोरपायरीफॉस २० टक्के वापरतात, एक लीटर औषध १९ लीटर पाण्यात. नाहीतर इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, ५ लीटर पाण्यात १०.५ मि.ली.; याला वास नाही. डब्यावर इमारतीतल्या वाळवीसाठी वापर लिहिलेला आहे ना, हे खरेदी करतानाच वाचा. फरशी आणि भिंत मिळतात त्या सांध्यात फूट-फूट अंतरावर १२ मि.मी.चं भोक पाडा, प्रत्येकात साधारण लीटरभर द्रावण हळूहळू सोडा, मुरल्यावर सिमेंटनं बुजवा. बाहेरून पायव्यालगत दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात द्रावण द्या आणि तीच माती परत भरा. हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. लेकरं आणि गुरं दूर ठेवा. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर हे करूच नका. हे काम ठरल्या भावात करून देणारे लोक तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, आणि मोठं घर असेल तर ते परवडतं.

इथं थोडं थांबून बोलतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते उघड्या शेतात. तेच उरलेलं औषध आपण बंद खोलीत बाजेवर शिंपडतो, झुरळांसाठी मोरीत ओततो. मोनोक्रोटोफॉस किंवा शेतातलं कोणतंही औषध घरात आणू नका, रिकाम्या डब्यात तेल-मीठ भरू नका. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. कुणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताक-लिंबू करत बसू नका; १०८ला फोन करा आणि डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना औषध कोणतं ते कळतं.

बांबूच्या छताखाली रोज पिवळी बारीक भुकटी पडत असेल तर ती उधई नाही, घुण आहे. तो कोरड्या बांबूतलं पिठूळ सत्त्व खातो. नवा बांबू छताला लावण्याआधी १० लीटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून त्यात चार-पाच दिवस बुडवून ठेवा. पेरांमध्ये आधी छिद्र पाडा, नाहीतर पाणी आत जात नाही.

धान्य, तूर आणि घरातला कापूस

तुरीला भुंगा घरात लागतो असं आपण समजतो, पण पुष्कळदा तो शेतातच शेंगेवर अंडी घालून सोबत आलेला असतो. दाण्यावर पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं. गहू-तांदळातले सोंडे मात्र जुन्या पोत्यातून आणि कोठीच्या सांधीतून येतात. दोघांनाही ओलसर दाणा आवडतो, म्हणून १२ टक्क्यांच्या खाली ओलावा आणल्याशिवाय भरू नका. दाताखाली कट् असा आवाज यावा ही आजीची परीक्षा चांगली आहे. दुसरी अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन चमचे सुकं मीठ घालून हलवा, पंधरा मिनिटांनी पाहा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं.

उन्हाचा पुरता उपयोग असा करा. अंगणात काळं प्लास्टिक, त्यावर इंचभर जाडीचा धान्याचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडांवर दगड. मे महिन्यात आतली गरमी ५० अंशांच्या वर जाते, आणि पाच-सहा तासांत दाण्याच्या आतली अळी, अंडी सगळं मरतं. बियाण्यासाठी ठेवलेलं धान्य मात्र असं तापवू नका, उगवण जाते. आणि गरम धान्य लगेच कोठीत भरू नका. रात्रभर सावलीत निवू द्या. गरम भरलं की कोठीच्या झाकणाला आतून घाम येतो, वरचा थर भिजतो आणि बुरशी धरतो. हे मी दीड पोतं गहू गमावून शिकलो.

सबंध तुरीला, हरभऱ्याला किलोमागे चमचाभर खायचं तेल चोळून ठेवलं तर भुंग्याची अंडी टिकत नाहीत. डाळ करून ठेवली तर तो फारसा लागतच नाही. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून घाला; मदत होते, पण ओलं धान्य तो वाचवत नाही. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून दीड फूट अंतर.

धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात नकोत. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. दुकानदार सहज देतो म्हणून ती वस्तू साधी होत नाही.

भाव वाढायची वाट पाहत कापूस खोलीत महिनोन् महिने पडून राहिला की अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, कापसावरचे करडे-लाल ढेकूण भिंतीवर फिरतात. शक्यतो कापसाची खोली झोपायच्या खोलीपासून वेगळी असावी. ढिगावर लेकरांना खेळू देऊ नका (ही बंदी कुणी पाळत नाही, ठाऊक आहे). आधी वेचलेला आधी विका, ढीग भिंतीला टेकवू नका, हाताळताना पूर्ण बाह्या घाला आणि लगेच अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. ढिगावर कुठलीही पावडर टाकू नका. खाज आठवडाभर राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

ढेकूण, झुरळ आणि कूलर

ढेकणांसाठी बाज उन्हात टाकणं पुरेसं नाही, ते सांध्यात आणि सुतळीच्या गाठींत सावलीला जातात. आधी सांध्यांत उकळतं पाणी ओता, मग बाज काळ्या प्लास्टिकात गुंडाळून दिवसभर उन्हात ठेवा. गाद्या-गोधड्याही तशाच. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा, कारण राहिलेली अंडी त्या बेतानं फुटतात.

झुरळांना जेलचा मुगाएवढा ठिपका सांधीसांधीत लावा, आणि त्यावर स्प्रे मारू नका. स्प्रेच्या वासानं ते जेलला तोंड लावत नाहीत. बोरिक ॲसिड, कणीक आणि थोडी साखर दुधात मळून केलेल्या गोळ्याही चालतात, लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवल्या तर. मोरीच्या भोकाला रात्री झाकण.

कूलरशिवाय आपला उन्हाळा निघत नाही. पण टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून कडा घासून काढा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो, ती कोरडी होऊनही महिनोन् महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. मिरगाच्या पावसानंतर हवा दमट झाली की कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा फिरवा. नाहीतर गारवा येत नाही आणि खोलीतली गादी, कागद, भिंत सगळं सर्द होतं. पाऊस लागल्यावर कूलरच्या जाळीतला घास काढून जाळा आणि टाकी पालथी घाला.

दसऱ्याला घर झाडाल तेव्हा पेन्सिलच्या त्या रेघेकडे जा. ओल रेघेखाली उतरली असेल तर पुढच्या उन्हाळ्यात फक्त छपाई करायची. रेघेवरच असेल तर पाण्याची एखादी वाट राहिली आहे; बादली घ्या आणि भिंतीबाहेर पुन्हा ओतून पाहा. आमची रेघ पहिल्या वर्षी चार बोटंच उतरली होती. दुसऱ्या वर्षी सापडलं की न्हाणीचा पाइप मधेच फुटला होता.